‘पर्यंत’ एक, इंग्रजी शब्द दोन

ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज सेंड द फाइल टिल फ्रायडे’ असं वाक्य बऱ्याचदा दिसतं. मराठीत एका ‘पर्यंत’वर भागतं, इंग्रजीत मात्र त्या जागी कधी ‘बाय’ लागतो, कधी ‘टिल’. आपण ‘टिल म्हणजे पर्यंत’ एवढंच पाठ केलेलं असतं.

फाइल पाठवणं एकदाच घडतं, शुक्रवारी किंवा त्याआधी कधीही. म्हणून ‘बाय फ्रायडे’. दुकान शुक्रवारपर्यंत बंद असेल, तर ते बंद असणं सलग चालू असतं. म्हणून ‘टिल फ्रायडे’. शंका आली तर मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत फाइल पाठवा’ नीट बसतं: ‘बाय’. ‘दुकान उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत बंद आहे’ कानाला खटकतं: ‘टिल’. रजेच्या मेलमध्ये मात्र ‘टिल फ्रायडे’ही पुरत नाही, कारण माणूस शुक्रवारी कामावर असणार की नाही हे कळत नाही. ‘बॅक ऑन मंडे’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘पासून’चंही असंच. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्यात चुका दोन आहेत. इथे कसोटी ‘झाली’ची. ‘दोन वर्षं झाली’ म्हणता येतं, म्हणजे तो कालावधी आहे: ‘फॉर टू इयर्स’. ‘२०१९ झाली’ म्हणता येत नाही, म्हणजे ती सुरुवात आहे: ‘सिन्स २०१९’. दुसरी चूक क्रियापदाची. मराठीत ‘काम करतोय’ हा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत दोन्हींसोबत ‘हॅव बीन वर्किंग’ किंवा ‘हॅव वर्क्ड’ हवं.

सगळ्यात फसवा शब्द ‘इन’. ‘आय विल कॉल यू इन टेन मिनिट्स’ म्हणजे दहा मिनिटांनी, दहा मिनिटांत नव्हे. आपण ‘इन’चा अर्थ ‘-त’ लावतो आणि तिसऱ्याच मिनिटाला फोनची वाट पाहायला लागतो. ‘च्या आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन’ वापरा. गंमत म्हणजे काम पुरं व्हायला लागलेला वेळ सांगताना हाच ‘इन’ खरोखर ‘-त’ होतो: ‘आय फिनिश्ड इट इन टू डेज’, दोन दिवसांत संपवलं.

‘पूर्वी’ सोपं आहे. आजपासून मागे मोजायचं तर ‘अगो’, तोही आकड्यानंतर: ‘टू डेज अगो’. ‘बिफोर टू डेज’ नाही. दिवाळीपूर्वी असेल तर ‘बिफोर दिवाळी’. ‘अगो’बरोबर ‘हॅव सेंट’ लिहू नका, नुसतं ‘सेंट’.

‘आज सकाळी’चं ‘टुडे मॉर्निंग’ होत नाही, ‘धिस मॉर्निंग’ होतं, आणि ‘काल रात्री’चं ‘लास्ट नाइट’. इथे कसोटी वगैरे काही नाही, पाठच करायचं. ‘यस्टर्डे मॉर्निंग’ आणि ‘टुमॉरो नाइट’ मात्र बिनधास्त लिहा.