लेस्टरचा म्युनिसिपल मसणवटा

लेकीचं पदवीदान दुपारी आटोपलं. डी माँटफर्ट हॉलबाहेर काळ्या झग्यांची आणि फोटोंची झुंबड उडाली होती. लंडनची गाडी संध्याकाळची. म्हटलं, "तुम्ही घ्या फोटो काढून, मी जरा थॉमस कुकला भेटून येते."

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, आजच्या दिवशी दफनभूमी?"

पण विद्यापीठाच्या पलीकडेच तो पुरलेला आहे, हे फोनवर तिनेच कधीतरी सांगितलं होतं. मुंबईत फोर्टातल्या त्याच्या नावाच्या प्रवास कंपनीच्या ऑफिसात मी कितीदा पाउंड घ्यायला उभी राहिले होते. त्या माणसाच्या गावात येऊन न भेटता जायचं, हे काही बरं दिसत नव्हतं.

वेलफर्ड रोडची दफनभूमी उतारावर आहे. वरच्या अंगाला उभं राहिलं की खाली शहर पसरलेलं दिसतं. मोठाले वृक्ष, गुडघाभर गवत, कललेले दगड. मला वाटलं होतं भकास असेल, तर एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या आणि दोन पोरं थडग्यांमधल्या वाटेवर सँडविच खात बसली होती.

आपल्याकडे स्मशान म्युनिसिपालिटीचं असतं, लाकडं, पावती, दाखला सगळं तिथेच, आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. १८४९ साली ही दफनभूमी उघडली तेव्हा लेस्टरला मात्र ते नवलच होतं. तोवर मेलेला माणूस बहुतेक करून चर्चच्या ताब्यात जायचा. आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, आवारात पुरायचं आणि पाद्र्याची फी भरायची. माणूस जन्मभर बाप्टिस्ट असो की युनिटेरियन, म्हणजे वेगळ्या पंथाचा आणि वेगळ्या चॅपेलात प्रार्थना करणारा असला तरी, त्या आवारात प्रार्थना व्हायची ती सरकारमान्य अँग्लिकन चर्चचीच. ही अट कायद्याने सुटायला १८८० उजाडलं. त्यात गाव भराभर फुगत होतं. मोजे विणणाऱ्यांचं हे लेस्टर १८०१ साली जेमतेम १७ हजार वस्तीचं होतं, ते १८५१ पर्यंत ६० हजारांवर गेलं. चर्चची आवारं किती पुरणार?

आणि इथले लोक हट्टी. विल्यम बेन्स नावाचा एक दुकानदार होता. पॅरिश चर्चच्या डागडुजीसाठी पट्टी भरायची सक्ती सगळ्यांवर, मग तुम्ही त्या चर्चची पायरी चढत असा वा नसा. बेन्सने ती भरली नाही आणि १८४० साली तो तुरुंगात गेला. १८३५ च्या कायद्याने नगरपालिकेच्या निवडणुका आल्या आणि सत्ता याच चॅपेलवाल्या सुधारकांच्या हाती गेली. सुरुवातीचे सातही महापौर 'ग्रेट मीटिंग' या एकाच युनिटेरियन चॅपेलचे निघाले, म्हणून लोक त्या चॅपेलला 'महापौरांचं घरटं' म्हणायला लागले. दफनभूमी आधी या मंडळींना स्वतःची कंपनी काढून करायची होती. पुढे नगरपालिकेनेच ते काम अंगावर घेतलं.

मग सगळे एकत्र पुरले गेले का? छे. जमिनीचे दोन भाग पाडले. एक बिशपने विधिपूर्वक पवित्र केलेला, अँग्लिकनांसाठी. दुसरा तसाच ठेवलेला, बाकीच्यांसाठी. चॅपेलंही दोन बांधली. गावोगावी जातवार स्मशानं ठेवणाऱ्या आपण त्यांना हसायचं कारण नाही. ती दोन्ही चॅपेलं १९६० च्या दशकात पाडली. मी वरून खालपर्यंत दोनदा फिरले. पवित्र जमीन कुठे संपते आणि साधी कुठे सुरू होते, ते मला काही ओळखू आलं नाही. गवत दोन्हीकडे सारखंच होतं.

विद्यापीठाची जुनी इमारत मुळात १८३७ सालचं वेड्यांचं इस्पितळ. पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं. त्या काळातल्या सैनिकांच्या कबरीही इथे आहेत. तिथे मी फार थांबले नाही. सकाळीच त्या इमारतीसमोर लेकीचा टोपी उडवतानाचा फोटो काढला होता.

कुकचं थडगं मी भव्य धरून चालले होते. प्रत्यक्षात ते साधंच निघालं, मी एकदा पुढे निघून गेले आणि परत आले. हा बाप्टिस्ट, दारूचा कट्टर वैरी. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला खास गाडी नेली ती दारूबंदीच्या सभेसाठी. सुमारे ५०० माणसं, भाडं एक शिलिंग. लोकांनी गुत्त्यावर बसण्यापेक्षा फिरायला जावं, एवढाच मूळ हेतू. आजच्या पॅकेज टूरमधला ड्यूटी फ्रीचा थांबा त्याला दाखवायला हवा होता!

शेवटची वर्षं त्याची वाईट गेली. मुलाशी पटेना, धंदा मुलाने ताब्यात घेतला, दृष्टी गेली. मुलगी ॲनी १८८० साली न्हाणीघरात नव्या गॅसच्या बंबाच्या धुराने गुदमरून गेली. चार वर्षांनी बायकोही गेली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८९२ साली, हा. तिघं इथे एकत्र आहेत. तोवर मुलाने धंदा मुंबईपर्यंत नेला होता. १८८६ पासून काही वर्षं हिंदुस्थानातल्या हज यात्रेकरूंच्या प्रवासाचं कामही सरकारने याच कंपनीकडे दिलं होतं. लंडनची मूळ कंपनी २०१९ मध्ये एका रात्रीत बसली. मुंबईतली मात्र चालू आहे.

परतताना लेकीला म्हटलं, आता इथल्या आपल्या माणसांचं काय करतात? ती म्हणाली, गिलरोजला नेतात. तेही नगरपालिकेचंच, १९०२ सालचं दाहगृह. अस्थी सोअर नदीत सोडतात, गावाबाहेर बॅरोला.

स्टेशनबाहेर कुकचा पुतळा आहे, बॅग आणि छत्रीसकट. आमच्या ह्यांनी त्याच्या शेजारी बॅग टेकवली आणि विचारलं, "झाली का भेट?"

"झाली," म्हटलं, "पण हाच बरा दिसतो."