मेक्सिकोचं आकाश पिवळं नाही

मेक्सिकोत राहणाऱ्या मराठी माणसाला घरून ठरलेलेच प्रश्न येतात. फार धूळ असते का? उकाडा सोसवतो का? या प्रश्नांमागे पडद्यावर पाहिलेला एक रंग असतो: हॉलिवूडच्या चित्रपटांत मेक्सिको आला की दिसणारा पिवळा.

मेक्सिको सिटी 2240 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही बरीच उंच. भर मे महिन्यातही पारा सहसा तिशीच्या आत राहतो आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस असतो. मार्चमध्ये रस्त्यांवर हाकारांदाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडतो. उत्तरेकडे सोनोरा, चिवावाचं वाळवंट आहेच, पण तिथलंही आकाश निळंच.

पिवळेपणा कॅमेऱ्यातून आला. 2000 सालच्या ‘ट्रॅफिक’ चित्रपटात तीन कथा एकमेकींत गुंफलेल्या होत्या. त्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला स्वतःचा रंग दिला होता. मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआना शहरातल्या दृश्यांसाठी तंबाखूच्या रंगाचा फिल्टर लावला आणि शटरचा कोन (प्रत्येक चौकटीवर किती वेळ उजेड पडतो, ते यावरून ठरतं) नेहमीच्या 180 अंशांऐवजी 45 वर आणला, त्यामुळे हालचाल तुटक आणि करकरीत दिसते. अमेरिकन न्यायाधीशाच्या कथेत दिव्यांच्या उजेडासाठीची फिल्म दिवसाउजेडी फिल्टरशिवाय वापरली, म्हणून ती कथा थंड निळी झाली. तिथे या रंगांना निदान काम होतं. नंतरच्या कितीतरी चित्रपट-मालिकांनी (‘ब्रेकिंग बॅड’ही त्यातच) सीमा ओलांडली की पिवळं करायचं, एवढंच उचललं. आता फिल्टरही लागत नाही, संगणकावर होतं.

स्वतः करून पाहा. पावसात धुतलेल्या आपल्या गल्लीचा फोटो मोबाइलमध्ये उघडा. ‘वॉर्म्थ’ बरीच वाढवा, ‘टिंट’ किंचित हिरव्याकडे न्या, कॉन्ट्रास्ट चढवा. निळा मरतो तसं आकाश मळकट होतं, पानं वाळल्यासारखी आणि माणसं घामेजलेली, आजारी दिसू लागतात. संवादातला खोटेपणा कुणीतरी पकडतो. रंग मात्र वाद न घालता पटवून जातो, म्हणून तो जास्त घातक.

ओळखायचं असेल तर भरदुपारच्या दृश्यातल्या पांढऱ्या वस्तू बघा: सदरा, कागद, ढग. त्या सगळ्याच साजूक तुपाच्या रंगाच्या दिसल्या, तर तो तिथल्या उन्हाचा रंग नव्हे. संध्याकाळी किंवा सोडियमच्या दिव्यांखाली ही खूण फसते, कारण तिथे उजेडच पिवळा असतो. ढाक्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘एक्स्ट्रॅक्शन’मध्ये (2020) हीच छटा आहे, आणि त्यातलं बरंच चित्रीकरण अहमदाबाद आणि थायलंडमध्ये झालंय.

पडद्यावरची कल्पना कधी उलट देशातही शिरते. 2015 च्या ‘स्पेक्टर’ या जेम्स बाँडपटात मेक्सिको सिटीत मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक शहरात निघतच नव्हती. ती पाहून पर्यटक येतील म्हणून 2016 पासून खरोखर काढू लागले. आता लोक तिलाच मूळ परंपरा समजतात.

मूळ सण 1 आणि 2 नोव्हेंबरला घरात आणि स्मशानात होतो. गेलेल्यांचे फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा (झाडाच्या सुगंधी डिंकाचा) धूर, त्यांच्या आवडीचं जेवण. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आत्म्याला वाट सापडावी म्हणून दारापासून फुलांच्या पाकळ्या पसरतात. ते फूल सेम्पासूचिल, म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच आहे.