तुम्ही विचारलंत म्हणून: लंडन सोडून मी गावी का आलो

पारावर, बाजारात, परवा तेरवीच्या पंगतीतही तेच. "तिकडं गोरे लोकं आपली करी बोटं चाटून खातात म्हनते, मंग तू वापस काऊन आला बे?"

करी चालते, हे खरं. २००१ साली तिथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थच म्हटलं होतं. पण १८१० मध्ये लंडनला पहिलं हिंदुस्थानी हॉटेल काढणारे शेख दीन महंमद दोन वर्षांत दिवाळखोर झाले, हे कोणी विचारत नाही. आणि करी म्हणजे काय, हेही नाही. लंडनच्या आमच्या हॉटेलात सकाळीच पातेलंभर कांदा उकडून, वाटून एकच ग्रेव्ही व्हायची. मलई घातली की कोर्मा, तिखट घातलं की मद्रास, आणखी तिखट की विंदालू. सहा वर्षं मी तेच ढवळलं.

एका मंगळवारी गिऱ्हाईक कमी होतं. आईनं पाठवलेला काळा मसाला आणि भिवापुरी मिरची काढली, मटणाचा रस्सा केला आणि चार वाट्या बाहेर पाठवल्या. तीन तशाच परत आल्या. चौथीतले दोन चमचे खाऊन एका म्हाताऱ्यानं अगदी नम्रपणे विचारलं, हे करपलंय का? मालक बांगलादेशातल्या सिल्हेटचे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "माझ्या आईच्या हातची सुकी मासळी मी इथे कधी विकली का?" आणि रस्सा सिंकमध्ये ओतला. तर्री पांढऱ्या सिंकच्या कडेला चिकटून बसली. गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी. माझी बोटं दुसऱ्या दिवशीही लाल होती.

आईला फोनवर सांगितलं, चारही वाट्या संपल्या. ती अजून ते चारचौघांत सांगते.

त्या अपमानामुळे परत आलो, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. पण त्यानंतरही दोन वर्षं मी तिथेच होतो. आणि आजवर कोणाला न सांगितलेलं सांगतो: त्या दिवशी कांदा-खोबरं भाजायला वेळ नव्हता, म्हणून मी त्या रश्शात तीच उकडलेली ग्रेव्ही ओतली होती. मग गोऱ्यांनी नाकारलं ते आपलं जेवण होतं की माझी घाई?

तेव्हा वाटायचं, यांनी आपली चव बिघडवली. आज तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. जपाननं इंग्रजांकडून करी उचलली, घट्ट केली, भातावर ओतली आणि ती त्यांची झाली. आपण ज्या मिरचीवर मिरवतो तीही पोर्तुगीजांच्या जहाजातूनच आली ना! तरी त्या सिंकची आठवण आली की पोटात कालवतं, तिथे हा इतिहास कामी येत नाही.

आई एकटी होती, वावर पडीक होतं, हेही कारण आहे. पण तेवढंच नाही.

दर ईदला मालकांचा फोन येतो. ये म्हणतात. मी अजून नाही म्हटलेलं नाही.