बायोडाटातला अडलेला रकाना : आमच्या स्टुडिओची वाटचाल

मागच्या तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. आमच्याकडे एडिटिंग करणाऱ्या मुलीचे वडील दुकानात आले. पोरीचा बायोडाटा करायचा होता. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ, उंची, मामेकुळ, धानाची शेती तीन एकर, सगळं भराभर टाइप झालं. 'नोकरी / व्यवसाय' या रकान्याशी गाडी अडली.

"इथं काय लिवाचं गा भाऊ?"

पोरगी सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे, महिन्याच्या महिन्याला पगार घरी नेते, पण ती नेमकं काय करते हे बापाला एका शब्दात सांगता येईना. खरं म्हणजे मलाही पटकन सुचलं नाही. "कॉम्प्युटर ऑपरेटर लिवून टाकू का?" ते म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं, पण माझ्या मनाला लागलं. "थांबा, चहा घ्या," म्हटलं आणि रकाना तसाच ठेवला.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरी पट्ट्यातल्या एका गावात आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. 2006 साली सुरू केला तेव्हा दहा बाय बाराची खोली, एक निळा पडदा, एक लाल पडदा आणि दोन छत्र्या, एवढाच पसारा. मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. फोटोग्राफी शिकलो ती एका जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली वायरी गुंडाळता गुंडाळता. शाळा-कॉलेजच्या फॉर्मचे दिवस आले की पासपोर्ट फोटोंची रांग लागायची, बाकी वेळ माशा मारायच्या. दोन वर्षांनी नागपूरहून जुना पॅनासोनिक एमडी 10000 व्हिडिओ कॅमेरा आणला आणि लग्नाच्या शूटिंगला लागलो. शूटर मी, लाइट धरणारा भाचा, हिशेब डोक्यात.

लग्नाचे पाच हजार मिळायचे. कॅसेट एसटीच्या कंडक्टरच्या हाती नागपूरला मिक्सिंगला, म्हणजे कापून-जोडून घ्यायला, जायची आणि पंधरा दिवसांनी डीव्हीडी होऊन परत यायची. मिक्सिंगवाला त्यातले दीड हजार घ्यायचा. मी मे महिन्याच्या उन्हात वरातीपुढे उलटा चालत घाम गाळायचो आणि तो कूलरसमोर बसून कमवायचा, याचा मला राग यायचा. या धंद्यात कॅमेऱ्यापासून लांब बसलेल्या माणसालाही पैसे मिळतात, एवढी साधी गोष्ट मला त्या रागातून कळली. ती अंगवळणी पडायला मात्र पुढची दहा वर्षं गेली.

आमच्या भागाचं वेळापत्रक वेगळं आहे. धान कापून झालं, दिवाळी आली की मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्यांच्या निमित्तानं गावोगाव झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याची, नाटकं. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावातली मंडळं तिथं जाऊन नाटक ठरवतात, मंडप टाकतात, तिकीट लावतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. होळीपर्यंत हा हंगाम, त्यात अर्ध्यातून लग्नं मिसळतात ती जूनपर्यंत, आणि मग पाऊस. पावसात आमच्याकडे काम नसतं. ज्यांना या धंद्यात यायचं आहे त्यांनी हे आधी ऐकून ठेवावं: आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे असतात.

2010 च्या सुमारास आम्ही नाटकांच्या पोस्टरचं काम घेऊ लागलो. तेव्हाच फ्लेक्स आला आणि आमच्याकडचे पेंटर बसले. बसले म्हणजे खरंच पारावर बसले. त्यांतले एक काका एकेकाळी नाटकाचे पडदे रंगवायचे, राजवाडा, जंगल, गावची गल्ली. मला म्हणाले, "मशीन घेतलीस, बरं केलंस. पण अक्षर काऊन इतकं कोंबलंस? श्वास तं घेऊ दे त्याले." पोस्टर पाहिलं तर खरंच, बारा नटांचे फोटो, नायिकेचं नाव, नृत्याची जाहिरात, मंडळाचे सतरा पदाधिकारी, सगळं एकमेकांच्या उरावर. दुसऱ्या दिवसापासून काका दुकानात येऊन बसू लागले. माउस त्यांच्या हाताला कधी जमला नाही. ते ऑपरेटरच्या मागं खुर्ची टाकतात आणि बोट दाखवतात: हे मागं घे, तो पिवळा मार, नाव इथं आण. पहिले काही महिने मी त्यांना चहापाण्याचे देत होतो. मग लक्षात आलं की पोस्टर ऑपरेटर करतच नाही, काकाच करतात. ऑपरेटर फक्त त्यांचा हात आहे. मोठ्या शहरात या कामाला आर्ट डायरेक्टर म्हणतात. काकांना ते सांगितलं तर म्हणाले, "पेंटरच म्हण. पगार तेवढा त्याचा दे."

फ्लेक्सच्याच पायी प्रूफ वाचणारे गुरुजी आले. आम्ही श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, लोक मजकूर व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवरच्या मराठीत, पाठवायचे. तो तसाच आमच्या डिझाइनच्या जुन्या कोरल ड्रॉमध्ये चिकटवला की ऱ्हस्व वेलांट्या उड्या मारून अक्षराच्या दुसऱ्या बाजूला बसायच्या आणि जोडाक्षरं फुटायची. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फ्लेक्स 'हार्दिक'चे तुकडे होऊन चौकात लागला. पुन्हा छापून द्यावा लागला, वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. त्यानंतर एका निवृत्त गुरुजींनी पाहिल्याशिवाय काहीही छापायचं नाही असं ठरवलं. फ्लेक्समागे दहा रुपये. गुरुजी दहा रुपयांसाठी येत नाहीत, चुका पकडण्याच्या आनंदासाठी येतात. तरी दहा रुपये द्यायचेच.

आता आवाजाची गोष्ट. ती सांगायला मला अजून लाज वाटते.

2015 साली एका संस्थेनं महिला बचत गटांवर वीस मिनिटांची फिल्म करायला दिली. लग्नाबाहेरचं आमचं पहिलं मोठं काम. चित्र सुंदर आलं होतं: बांबूच्या टोपल्या, सकाळचं धुकं, तलावाची पाळ. मुलाखती गावातल्या धान गिरणीच्या मागच्या अंगणात घेतल्या. त्या दिवशी वायरी उचलायला भजनी मंडळाचा साऊंड सांभाळणारा एक पोरगा सोबत घेतला होता. तो दोनदा म्हणाला, "भाऊ, मिल बंद होऊ द्या, मग चालू करा." मी म्हटलं, बारीक आवाज आहे, मागं म्युझिक टाकू. घरी येऊन ऐकलं तर बाया बोलतात आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाखाली गिरणी घुरघुरते. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलेला. गिरणी कमी करावी तर बाईचा आवाज डब्यातून आल्यासारखा. संस्थेनं शेवटचा हप्ता दिला नाही. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

तो पोरगा आता आमचा साउंड रेकॉर्डिस्ट आहे. कॉलर माइक, वेगळा रेकॉर्डर, हेडफोन घेतले; माइक डोक्यावर धरायची काठी त्यानं बांबूची केली, गडचिरोलीत बांबूला काय तोटा. शूटिंगला गेलं की कॅमेरा लावायच्या आधी तो अंगणात डोळे मिटून उभा राहतो. कुठला पंप चालू आहे, कुठं कोंबडा आहे, लाइनमन कधी लाइट घालवणार, सगळं त्याला ठाऊक. घरातला फ्रीज बंद करतो तेव्हा स्वतःच्या गाडीची चावी त्या फ्रीजमध्ये ठेवतो, म्हणजे निघताना फ्रीज चालू करायला विसरणं शक्य नाही. प्रत्येक जागेची एक मिनिट शांतता तो वेगळी रेकॉर्ड करून आणतो, कापाकापी झाली की सांधे भरायला. सुरुवातीला मला वाटायचं, पोरगं येडं झालं. त्या एका मिनिटानं किती वेळा वाचवलं ते एडिटरला विचारा.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि गावातला माणूस फोनवर नाटक बघू लागला. आम्ही तीन कॅमेरे लावून नाटकं चित्रित करायला लागलो. झाडीपट्टीत तालमी फार होत नाहीत, आज या गावात, उद्या त्या गावात; म्हणून प्रॉम्प्टर, म्हणजे नटांना वाक्यं पुरवणारा, हा माणूस मोठा. विंगेत वही घेऊन बसतो आणि पाच तासांचं नाटक श्वासाच्या अंतरावरून चालवतो. एडिटिंगला बसलो की आमचा गोंधळ व्हायचा. कोणत्या प्रयोगात कोणतं वाक्य गळलं, विनोदी नटानं पदरचं काय घातलं, रुमाल कोणत्या हातात होता, काही कळायचं नाही. एका निवृत्त प्रॉम्प्टर मामांना बोलावलं. ते पडदा बघत नाहीत, ऐकतात. "इथं दोन वाक्यं गेली, मागच्या प्रयोगातून घ्या." आज आमच्या प्रत्येक शूटिंगला ते वही घेऊन असतात आणि सबटायटलही तेच लिहितात. मशीन आपोआप लिहून देते, पण आमची झाडीबोली आली की काहीच्या काही उठवते. मामा ते वाचून पोट धरून हसतात. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या दुकानात पेढे वाटले ते मामांनीच.

कॅमेऱ्याचं एक मेमरी कार्ड चुकून फॉरमॅट झालं, त्यात अख्ख्या लग्नाचं शूटिंग गेलं. पैसे परत केले. मुलीच्या वडिलांनी ते मोजलेसुद्धा नाहीत, तो प्रसंग इथं आणखी लिहवत नाही. तेव्हापासून रात्री कितीही वाजोत, तीन प्रती होतात आणि एक दुसऱ्या घरी जाते. हे काम एकाच मुलीचं. शूटिंग संपल्यावर कार्ड तिच्या हातात पडल्याशिवाय कुणी जेवत नाही.

गाण्यांचंही असंच शिकलो. वरातीत गाणी वाजवायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तेच गाणं व्हिडिओवर लावून नेटवर चढवलं की ती सूट पुरत नाही. व्हिडिओ मुके झाले, तेव्हा कळलं. आता गावातल्याच हार्मोनियमवाल्याकडून आणि तबलजीकडून धून करून घेतो, लेखी करारावर. ड्रोनसाठी एक पोरगा तयार केला. 2021 च्या नियमांप्रमाणे दहावी पास, वय अठरा पूर्ण आणि मान्य संस्थेत प्रशिक्षण असलं की पायलटचं प्रमाणपत्र मिळतं. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला ते लागत नाही, पण कुठं उडवायचं आणि कुठं नाही हे शिकावंच लागतं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं गेली, नाटकं गेली. त्या वर्षी आम्हाला तगवलं ते आवाजानं: भोंग्यावरून गावात फिरवायच्या सूचना, मराठीत आणि गोंडीत. धानोऱ्याकडची एक बाई गोंडीत बोलली. इतकं सरळ, घरातल्यासारखं, की लोक भोंगा ऐकायला दारात यायचे. आजही गोंडीतलं काम आलं की तिलाच बोलावतो. पहिल्यांदा तिच्या हातात पैसे ठेवले तेव्हा म्हणाली, "बोलायचे पैसे?"

माझी बायको पंधरा वर्षं गाडी ठरवत होती, अॅडव्हान्स वसूल करत होती, कोण किती वाजता कुठं हवा ते वहीत लिहीत होती, भांडणं मिटवत होती, डबे बांधत होती. प्रॉडक्शन मॅनेजर हा शब्द ऐकला तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं ते काम फुकट करून घेत होतो. 2021 पासून तिला पगार आहे. वेळेवर नाही दिला तर शूटिंगची गाडी येत नाही.

आता आम्ही नऊ जण आहोत. त्यांत कॅमेरा धरणारे दोन. तरी महिन्याकाठी चार पोट्टे येतात आणि चौघंही म्हणतात, "भाऊ, कॅमेरा शिकवा." तालुक्याच्या शाळेत बोलायला गेलो होतो, तिथंही हिरो, यूट्यूबर आणि कॅमेरामॅन. मी विचारलं, मंडपातला साऊंड कोण लावतं, रांगोळीत रंग कोण ठरवतं, नाटकात नटाला वाक्य कोण पुरवतं? हात वर आले. हीसुद्धा नोकरी असते म्हटलं तर मागच्या बाकावरचे हसले. त्यांचं तरी काय चुकलं, घरी कुणी सांगितलंय?

आमची ही एडिटर पोरगी आली होती बिलं फाडायला. ब्रह्मपुरीला बी. कॉम. केलेलं. एक दिवस पाठवणीचा सीन मॉनिटरवर बघत मागं उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, आई रडायच्या आधीच तुम्ही कापलं. तिनं पदर तोंडाला लावला की मग कापा." मी दोन सेकंद वाढवून पाहिले. मग खुर्चीतून उठलो आणि तिला बसवलं. तीन तासांचं लग्न ती आता चाळीस मिनिटांत बसवते आणि एकही मामा राहत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची माहिती तिनंच मला फोनवर दाखवली: 1960 पासूनची सरकारी संस्था, तिथं एडिटिंग वेगळं शिकवतात, साउंड वेगळं, कलादिग्दर्शन वेगळं. साऊंडवाला पोरगा ते वाचून बराच वेळ गप्प होता. पुढच्या वर्षी अर्ज करायचं म्हणतोय. गेला तर माझी पंचाईत, पण अर्जाचा फोटो मी फुकट काढून देणार आहे.

तर तो बायोडाटा. चहा संपला. वडील म्हणाले, "एडिटर लिवलं तं पेपरात आहे म्हंतील." प्रॉम्प्टर मामा म्हणाले 'संकलक' लिहा. पेंटर काका म्हणाले, त्यानं लोकांना तहसील ऑफिस वाटेल. गुरुजींनी 'संकलिका' की 'संकलक' यावर चर्चा काढली. इतका वेळ पोरगी आत हेडफोन लावून बसली होती. ती बाहेर आली, कीबोर्ड ओढला आणि 'व्हिडिओ संकलक' एवढं टाइप केलं. खालचा पगाराचा रकानाही तिनंच भरला. वडिलांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला.

"प्रिंट काढा," ते म्हणाले. "पन्नास काढा."