बेंट घासायची संध्याकाळ

टाउ बीटा पायच्या शाखेत वर्ष-दोन वर्षं काढलेली माणसं भेटली की समारंभाच्या जेवणाची आठवण कोणी काढत नाही. निघते ती बेंटची. तळहाताएवढा ओतीव पितळेचा तुकडा, हातात पडला तेव्हा काळपट, खरखरीत, एका टोकाला ओतकामातून उरलेला धातूचा खुंट तसाच राहिलेला. नव्या सदस्याने तो आरशासारखा करून आणायचा आणि त्यासाठी हातात दोन-तीन आठवडे, तेही सहामाही परीक्षेच्या तोंडावर.

टाउ बीटा पाय ही अमेरिकेतल्या इंजिनीअरिंगच्या हुशार विद्यार्थ्यांची मानाची संस्था. १८८५ साली पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी, लीहाय विद्यापीठात ती निघाली. साहित्य-विज्ञानाच्या मुलांना मान देणारी फाय बीटा कॅपा ही संस्था तेव्हा शंभरी ओलांडून गेली होती, पण तांत्रिक शाखांच्या मुलांना तिचं दार बंद होतं. खाणकाम शिकवणाऱ्या एडवर्ड विल्यम्स या प्राध्यापकांना ते खटकलं आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पहिला विद्यार्थी सदस्य एकच, त्या वर्षी वर्गात पहिला आलेला अर्व्हिंग हाइक्स. दुसरी शाखा मिशिगनमध्ये उघडायला १८९२ उजाडलं. शाखांची नावं राज्य आणि ग्रीक अक्षर मिळून होतात, म्हणून लीहायची ती पेनसिल्व्हेनिया अल्फा.

बेंट म्हणजे जुन्या लाकडी रेल्वेपुलाच्या खालची उभ्या-तिरक्या खांबांची चौकट. अशा चौकटी ओळीने उभ्या करायच्या आणि त्यांच्या डोक्यावरून रूळ न्यायचे. एक चौकट काढली तर गाडी पुढे जात नाही. संस्थेचं बोधचिन्ह हेच, आणि पितळेचा तुकडाही याच आकाराचा.

दर सत्राच्या सुरुवातीला कॉलेजच्या कचेरीतून यादी यायची. तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला वरचा एक अष्टमांश, शेवटच्या वर्षाचा वरचा एक पंचमांश. वर्ग १६० जणांचा असेल तर तिसऱ्या वर्षाचे २० आणि शेवटच्या वर्षाचे ३२. गुणांवर फक्त पात्रता ठरते. चारित्र्याची अट वेगळी, आणि निवड सदस्यांच्या मतदानाने. गणपूर्ती झाली नाही तर मतदानच नाही, म्हणून सचिव त्या दिवशी पिझ्झा मागवून ठेवायचे.

पदव्युत्तर विद्यार्थीही पात्र ठरतात. पुण्या-मुंबईहून एम. एस.ला गेलेल्या मुलांना निवडीचं पत्र आलं की पहिला संशय फसवणुकीचा. 'तुमची निवड झाली आहे, फी भरा' या वाक्याचा आपल्याकडचा अनुभव काही बरा नाही! शंका घेणं योग्यच, कारण नुसते पैसे उकळणाऱ्या नावापुरत्या संस्थाही तिथे आहेत. खात्री करायची तर शाखेचा सल्लागार प्राध्यापक कोण ते पाहावं आणि डीनच्या कचेरीत विचारावं. फी एकदाच, सदस्यत्व जन्मभराचं.

मग यायची घासायची संध्याकाळ. वर्कशॉपमध्ये लांब टेबल, कडेला चार-सहा व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरायच्या लोखंडी पकडी, आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पैकीच्या पैकी गुण असलेली पण कानस कधी हातात न धरलेली पोरं. पहिली चूक तिथेच व्हायची. पितळेला कानस नवी, धारदार लागते. आधी लोखंडावर चालवलेली कानस पितळेवर नुसती घसरते. दातांत कीस अडकला की तोच कीस पुढच्या फटक्याला खोल ओरखडा पाडतो, म्हणून कानशीला आधी खडू चोळायचा आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने झाडायची. व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या पट्ट्या ठेवल्या नाहीत तर मागच्या बाजूला जबड्याचे दात उमटलेच.

कानस झाली की पॉलिश पेपर: १२०, २२०, ४००, ६००, शेवटचे दोन पाण्यात भिजवून. नंबर मोठा तितका कागद बारीक. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते डोळ्याला दिसतं. ते पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद घ्यायचा नाही. घाईत १२० वरून थेट ६०० वर उडी मारणारे दर वर्षी असायचे. त्यांचा बेंट लांबून झकास दिसायचा आणि दिव्याखाली धरला की आतले ओरखडे उघडे पडायचे. कागद बोटांत धरून घासला की कडा मरतात. तो सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. ओतकामातला खोल खड्डा काढायच्या नादी तर लागूच नये. तेवढीच जागा खरवडली की तिथे खळगा पडतो आणि त्यात छत वाकडं दिसतं.

सगळ्यात शेवटी मऊ कापडावर पितळेचं पॉलिश. समई चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख करणाऱ्या घरातल्या मुलांना इथे आपण हुशार आहोत असं वाटायचं. पण चिंचेने जातो तो काळेपणा, ओरखडा जात नाही. तो कागदानेच बारीक करत न्यावा लागतो. हाताचा घाम लागला की दोन दिवसांत बोटांचे ठसे उमटतात, म्हणून ॲसिटोनने पुसून लगेच पारदर्शक लॅकर मारायचं. अलीकडे काही शाखांनी हे सगळं सोडून दिलं आहे. वेळ वाचतो म्हणे. वाचत असेल.

दीक्षासमारंभाला पदाधिकाऱ्यांचे झगे, ओळीने वाचायचे उतारे, मग सह्या आणि जेवण. तो विधी काही गुप्त नाही, पण आधी सांगितला तर मजा जाते. तालीम केली नाही तर ग्रीक अक्षरांवर जिभा अडखळतात, आणि त्याहून जास्त अडखळतात आपल्या नावांवर. यादीत 'ज्ञानेश्वर' आला की वाचणारा 'द'पाशी थांबायचा, मग 'न'पाशी, आणि पुढे शरणागती. नावाचा उच्चार आदल्या दिवशीच विचारून कार्डावर सुटा-सुटा लिहून ठेवणारा सचिव मिळाला तर नशीब. स्पेलिंगचं दुखणं मोठं. विद्यार्थी, वडील, आडनाव या क्रमातलं कुठलं मधलं नाव हे कचेरीला कळत नाही, आणि प्रमाणपत्रं टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या मुख्यालयातून येतात. नाव पासपोर्टप्रमाणे आधीच तपासून दिलेलं नसेल तर चूक दुरुस्त व्हायला काही आठवडे जायचे.

जेवणाच्या वेळी पडद्यावर मोठ्या सदस्यांची चित्रं यायची. ली आयाकोका लीहायचेच, फोर्ड आणि क्रायस्लरवाले. जेफ बेझोस प्रिन्स्टनचे. ती पाहून टाळ्या पडायच्या. पण त्याच पडद्यावर एक गोष्ट नसायची: बायकांना पूर्ण सदस्यत्व मिळायला १९६९ उजाडलं. त्याआधी त्यांच्यासाठी वेगळा बॅज होता. मान द्यायचा, पण आत घ्यायचं नाही, असा तो हिशेब. संस्थेच्या इतिहासात हे पान वाचून दाखवणाऱ्या शाखा जास्त प्रामाणिक वाटतात.

शाखेची खरी कमाई अहवालात असायची. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवण्याचे तास, शाळेतल्या पोरांना काड्यांचे पूल बांधायला लावलेले शनिवार. सगळ्यांत चांगल्या शाखेला दर वर्षी आर. सी. मॅथ्यूज यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. हे टेनेसी विद्यापीठातले प्राध्यापक, संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं काम केलं. मुख्यालय नॉक्सव्हिलला आहे ते त्यांच्यामुळेच. अहवाल मात्र शेवटच्या आठवड्यात बसून लिहिला की फसतो. कोण किती तास आलं हे तेव्हा कोणालाच आठवत नाही. हजेरीची वही दारापाशी दोरीला बांधलेल्या पेनसकट ठेवणाऱ्या शाखांचे अहवाल भरगच्च निघायचे.

मेच्या आधी नवे पदाधिकारी निवडले जायचे आणि जुने त्यांच्या हातात एक खोका द्यायचे. त्यात झगे, यादीची फाइल, सात कानशी आणि पॉलिशचा डबा. नव्यांनी तो सप्टेंबरात उघडावा तर पाच कानशींचे दात पितळेने भरलेले, आणि डब्यातलं पॉलिश वाळून दगड झालेलं.