तीस म्हणजे तीन

आमचं भोसरीत रबर मोल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ओ-रिंग (फटीत बसून तेल अडवणारं रबरी कडं), बुश, गॅस्केट, असला माल. 2009 साली एक ठेकेदार चेपलेली ओ-रिंग आणि तिचं जुनं मेणकागदी पाकीट घेऊन आला. "नौदलाच्या राजपूत वर्गाच्या विनाशिकेवरची आहे. अशा चाळीस करून द्या."

जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, 2.6 मिलिमीटर भरली. साच्याला ऑर्डर देणारच होतो, पण पाकिटावरचा रशियन शिक्का खुपत राहिला. वर एक शब्द, खाली 030-035-30. आमचा पोरगा म्हणाला, "मालक, तीस मिलिमीटर जाडी? ही तर काडीएवढी आहे!"

शेवटी दिघीला राहणाऱ्या, नौदलातून निवृत्त झालेल्या चीफसाहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. "कोल्त्सो. म्हणजे कडं." मग नंबर. रिंग ज्यावर बसते तो दांडा 30, तो ज्यात सरकतो त्या सिलिंडरचं भोक 35 आणि शेवटचे तीस म्हणजे 3.0, दशांशचिन्ह गाळून लिहिलेले. हा नंबर रिंगपेक्षा तिच्या बैठकीचा पत्ता सांगतो.

मी कागदावर आकडे मांडले. 35 वजा 30, त्याचं निम्मं, अडीच मिलिमीटरची फट. तिच्यात तीनची रिंग बसली की अर्धा मिलिमीटर दबते, सतराएक टक्के, म्हणून तेल अडतं. नमुना वर्षानुवर्षं दबून 2.6 झाला होता. मी 2.6 ची नवी रिंग दिली असती, तर ती फटीत जेमतेम टेकली असती आणि तेल गळलं असतं. वीस वर्षांच्या धंद्यात वापरलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवायची ही माझी पहिली चूक नव्हती, हेही सांगून टाकतो.

चहा घेताना चीफसाहेब खुलले. राजपूत, राणा, रणजित, रणवीर, रणविजय ही पाचही जहाजं निकोलायेवला बांधलेली. ते शहर आता युक्रेनमध्ये. 1991 ला सोव्हिएत संघ फुटला आणि एकाच जहाजाचे सुटे भाग दोन देशांकडून मागवायची वेळ आली. गॅस टर्बाइनसाठी युक्रेन, बाकी बऱ्याच गोष्टींसाठी रशिया. "बाहेरून मागवा म्हणणं सोपं," ते म्हणाले, "पण पाचच जहाजं, चाळीस रिंगा. एवढ्यासाठी कोण मशीन चालू करतो?"

ते मात्र खरं. साच्याचा खर्च रिंगांच्या बिलापेक्षा जास्त झाला. ठेकेदाराशी दोन दिवस घासाघीस केली.

राजपूत 21 मे 2021 ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली. साचा अजून रॅकवर आहे. माप सोव्हिएत मानकातलं, म्हणून त्या काळातल्या, तेवढ्याच दांड्याच्या आणि भोकाच्या दुसऱ्या सोव्हिएत यंत्रालाही चालतं. गेल्या महिन्यात जुनं रशियन प्रेस मशीन असलेला एक जण येऊन बारा रिंगा घेऊन गेला. त्याच्याही हातात चेपलेला नमुना होता. मी तो मोजलाच नाही, आधी दांडा मोजून आणायला सांगितलं.