मँटायचे कुलसंमेलन

शनिवार, रात्र. मँटाय, युटा.

सॉल्ट लेक सिटीहून दक्षिणेकडे दोनेक तास गाडी चालवली की सॅनपीटचे खोरे लागते, आणि मँटाय जवळ आले की टेकडीवरचे, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मंदिर दुरूनच दिसू लागते. गावाची वस्ती जेमतेम साडेतीन हजारांच्या आसपास आहे. त्यामानाने फिकट चुनखडी दगडाची, दोन मनोऱ्यांची ही इमारत अवाढव्य वाटते. माझ्या नवऱ्याचे सारे बालपण या टेकडीच्या पायथ्याशी गेले. दर दोन वर्षांनी जुलैच्या अखेरीस त्याच्या घराण्याचे कुलसंमेलन इथे भरते आणि डेन्मार्कहून आलेल्या एका खापरपणजोबांचा सगळा वंशविस्तार गावात गोळा होतो. महिना ठरण्याचे कारण पंथाच्या इतिहासात आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या या मॉर्मन पंथाला जागोजाग विरोध झाला, १८४४ मध्ये इलिनॉयमधील एका तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार मारले, आणि त्यानंतर ब्रिगम यंग यांनी अनुयायांना पश्चिमेकडे नेले. ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले तो १८४७ सालचा २४ जुलै आजही युटामध्ये सुट्टीचा दिवस आहे.

गावाचे रस्ते रुंद आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत, आणि जुन्या भागात त्यांच्या कडेने अजूनही पाट वाहतात. पाटाचे पाणी ठरलेल्या पाळीने मिळते. काल संध्याकाळी नवरा मुलांना घराच्या मागच्या शेतात घेऊन गेला आणि वडिलांबरोबर मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला कसे जावे लागे, थंड पाण्यात पायांची संवेदना कशी जाई, हे सांगत राहिला. एरवी तो स्वतःच्या लहानपणाबद्दल फार बोलत नाही. माझे बालपण प्रवरेच्या कालव्यावरच्या एका गावात गेले असल्यामुळे पाण्याची पाळी म्हणजे काय आणि ती चुकली की भावकीत काय होते, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. सासरच्या माणसांशी माझे पहिले मनमोकळे बोलणे या विषयावरच झाले होते.

सासूबाई त्याच जुन्या घरात एकट्या राहतात. तळघरात भिंतभर फळ्या आहेत, त्यांवर गव्हाचे बंद डबे, पीचच्या फोडींच्या बरण्या, घेवडा, टोमॅटो. अडचणीच्या काळासाठी घरात साठा असावा या चर्चच्या शिकवणुकीला त्या आजही धरून आहेत. मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा हे चारही पंथाने वर्ज्य मानलेले आहेत, आणि या घरात चहा कधीच आला नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर चहाचा एक लहान डबा माझ्यासाठी आणून ठेवलेला होता. तो डबा दर वेळी नवा असतो. त्यांना स्वतःला त्या वासाचीही सवय नाही, तरी सकाळी मी चहा करते तेव्हा त्या माझ्यासोबत टेबलाशी बसतात. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे मी अनेक घरांत पाहिले आहे, पण आपल्या श्रद्धेच्या आड येणारी वस्तू स्वतः दुकानातून आणून दुसऱ्यासाठी फळीवर ठेवण्याला अधिक मोठे मन लागते असे मला वाटते.

काल रात्रीच्या जेवणानंतर परंपरेप्रमाणे गावाची गोष्ट सांगण्यात आली. डच अव्हनमध्ये, म्हणजे बिडाच्या जाड झाकणाच्या भांड्यात, शिजवलेले मांस, सॅनपीटची टर्की, चीज आणि बटाट्याचे ते ओव्हनमधले पक्वान्न जे इथे अंत्यविधीच्या जेवणापासून लग्नापर्यंत सगळीकडे असते, आणि घरी केलेले रूट बिअर, जे नावापुरतेच बिअर असते, एवढे सारे झाल्यावर आत्तेसासूबाई उभ्या राहिल्या. १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये आयझॅक मॉर्ली यांच्याबरोबर सव्वादोनशेच्या आसपास माणसे इथे आली, बर्फ लवकर पडला, अनेकांनी याच टेकडीच्या दक्षिण उतारावर खोदलेल्या बिळांत हिवाळा काढला, गुरे मोठ्या संख्येने मेली, आणि वसंतात ऊन पडताच टेकडीच्या कपारींतून खुळखुळ्या सापांचे थवे बाहेर पडले. मुले ही गोष्ट श्वास रोखून ऐकतात. आत्तेसासूबाई ज्याच्या उल्लेखावरून झटकन पुढे जातात तो वाकारा मात्र मला दर वेळी अडवतो. या खोऱ्यात येऊन राहा असे निमंत्रण इथल्या मूळनिवासी यूट लोकांच्या या प्रमुखानेच मॉर्मनांना दिले होते. १८५० मध्ये त्याने बाप्तिस्माही घेतला. आणि १८५३ मध्ये त्याच्या लोकांची व वसाहतवाल्यांची लढाई जुंपली. पुढे १८६५ मध्ये मँटायमध्येच गुरांवरून उडालेल्या खटक्यातून ब्लॅक हॉक युद्ध पेटले आणि यूट लोकांना अखेर हे खोरे सोडून युइंटाच्या राखीव प्रदेशात जावे लागले. यंदा एका चुलत नणंदेने, ती शाळेत इतिहास शिकवते, आत्तेसासूबाईंचे बोलणे संपल्यावर हात वर करून हा भाग सविस्तर सांगितला. मंडपात थोडी चुळबुळ झाली. मला मात्र फार बरे वाटले, कारण आपल्या पूर्वजांनी सोसलेले हाल खरे असतात आणि त्यांच्यामुळे इतरांना भोगावे लागलेले हालही तितकेच खरे असतात, आणि ज्या घराण्याला स्मरणाचे इतके महत्त्व वाटते त्याने दोन्ही स्मरावे हीच अपेक्षा योग्य आहे.

आज सकाळी मोठी माणसे मंदिरात गेली. आत जाण्यासाठी चर्चच्या अधिकाऱ्यांनी दिलेले प्रवेशपत्र लागते आणि ते पंथाचे नियम पाळणाऱ्या सभासदालाच मिळते. माझ्या नणंदेचे लग्न याच मंदिरात लागले तेव्हा मी बाहेरच्या हिरवळीवर थांबले होते, आणि नवराही माझ्याबरोबर थांबला होता, कारण त्याआधीच त्याचा विश्वास उरला नव्हता. तरुणपणी फिलिपीन्समध्ये दोन वर्षे धर्मप्रचार करून आलेला हा मुलगा चर्चपासून दूर गेला, हे गावाला समजायला वेळ लागला नाही. मंदिर आतून मी पाहिले ते २०२४ च्या वसंतात, नूतनीकरणानंतर काही आठवडे ते सर्वांसाठी खुले होते तेव्हा. १८७७ पासून ११ वर्षे खपून लोकांनी बांधलेल्या या इमारतीतले गोल जिने मधल्या आधाराशिवाय उभे आहेत. मिनर्व्हा टाइचर्ट यांनी १९४७ मध्ये रंगवलेले भित्तिचित्र पाहताना नवरा बराच वेळ तिथून हलला नाही. हे चित्र नूतनीकरणात काढले जाणार होते; लोक इतके हळहळले की २०२१ च्या मे महिन्यात चर्चने निर्णय फिरवला, जवळच्या इफ्रेममध्ये नवे मंदिर बांधायचे ठरवले आणि मँटायचे जुने रूप राखले. ज्याने विश्वास सोडला आहे त्यानेही त्या बातमीने सुटकेचा निःश्वास टाकला होता, हे मी जवळून पाहिले आहे.

दुपारी मंडपात वंशावळ पसरली. कागद इतका लांब की चार टेबले जोडावी लागली. आमच्याकडे कुलवृत्तान्त छापतात तसाच हा उद्योग आहे, पण इथे त्यामागे मोक्षाचा विचार आहे. मरण पावलेल्या पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजांनी मंदिरात बाप्तिस्मा घ्यायचा, पती-पत्नींची आणि आईवडील-मुलांची गाठ मरणापलीकडेही टिकावी म्हणून विधी करायचे, अशी या लोकांची धारणा आहे. पितरांसाठी तर्पण करणाऱ्या घरात वाढलेल्या मला ती मुळीच परकी वाटत नाही. या कामासाठीच त्यांनी जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) घेतली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आहेत. खापरपणजोबांच्या दोन्ही पत्नी कागदावर शेजारी शेजारी, माहेरच्या आडनावांनिशी लिहिलेल्या आहेत. बहुपत्नीत्वाची प्रथा चर्चने १८९० मध्ये सोडली, पण दोन्ही शाखांची माणसे आज एकाच पंगतीला बसतात.

माझ्या नावाच्या वरची जागा बरीचशी रिकामी होती. सासूबाई पेन्सिल घेऊन शेजारी बसल्या. वडिलांकडच्या पुरुषांची नावे मी सात पिढ्यांपर्यंत सांगितली, बायकांच्या बाबतीत मात्र पणजीपाशीच थांबले, आणि तिचेही सासरचेच नाव मला ठाऊक होते. मग त्यांनी विचारले की पणजीचे नाव मंदिरातल्या विधीसाठी देता येईल का. ११० वर्षांच्या आत जन्मलेल्या माणसासाठी जवळच्या नातलगाची परवानगी घ्यावी असा चर्चचा नियम आहे. पणजी त्याहून खूप आधीची, म्हणजे विचारण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. तरी त्यांनी विचारले. मी नको म्हटले. पणजीने तुळशीची माळ घातली होती, आयुष्यभर पंढरीची वारी केली होती. आपला मार्ग तिने स्वतः निवडला होता आणि तो तिच्यासाठी पुरेसा होता, एवढे मी सांगितले. विधी झाला तरी स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्यावर सोपवलेले असते, असे त्या हळुवारपणे म्हणाल्या, आणि पुढे काही न बोलता पणजीच्या नावाखाली त्यांनी ‘फक्त वंशावळीसाठी’ असे लिहून ठेवले. त्यांच्या दृष्टीने हे प्रेमाचे मागणे होते हे मी जाणते, आणि माझ्या नकाराने त्यांना दुःख झाले हेही जाणते. दोन्ही गोष्टी आमच्या नात्यात मावल्या याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

संध्याकाळी स्मशानभूमीत गेलो. सासऱ्यांच्या शिळेवर पुढच्या बाजूला मंदिराचे चित्र आणि त्या दोघांच्या विवाहाची तारीख आहे. मागच्या बाजूला, इथल्या रिवाजाप्रमाणे, सगळ्या मुलांची नावे जन्मक्रमाने कोरलेली आहेत. नवऱ्याने चर्च सोडल्यानंतर ही शिळा बसवली गेली. तिसरे नाव त्याचे आहे, भावंडांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत. सासूबाईंना वाटते की आईवडिलांची गाठ पक्की असेल तर दूर गेलेले मूलही शेवटी तिच्या ओढीने परत येते; त्यांच्या चर्चमध्ये असा धीर देणारी शिकवण आहे. नवऱ्याला तसे वाटत नाही आणि तो तसे भासवतही नाही. मृत्यूनंतर काय, या प्रश्नावर या मायलेकांचे कधी जमेल असे मला दिसत नाही. पण तो दर संमेलनाला येतो, मंडपाचे खांब उभे करतो, आईचे पाट साफ करून देतो, आणि आई त्याच्या मुलांची वाढदिवसांची पत्रे कधी चुकवत नाही. मला तर हेच त्या गाठीचे खरे बळ वाटते, मग तिला कोणी कोणतेही नाव देवो.

रात्री घराण्याची सभा झाली. घरच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांचा लिलाव होऊन पुढच्या संमेलनाचा निधी जमला. पाळीने यजमानपद आता आमच्या शाखेकडे आले आहे. चर्चला न जाणाऱ्या माणसाकडे ते द्यावे का, असा प्रश्न कोणाच्या मनात असलाच तर तो ओठांवर आला नाही. आत्तेसासूबाईंनी वहीत नवऱ्याचे नाव लिहिले आणि उद्यानातला मंडप जानेवारीतच नोंदवून टाक, नंतर मिळत नाही, असे त्याला बजावले. गोष्ट सांगण्याच्या कार्यक्रमात वाकाराचा भाग कायमचा घ्यावा असे त्याने तिथेच सुचवले, आणि ते काम त्या चुलत नणंदेकडे सोपवण्यात आले.